कर्नल आणि पोटभाडेकरू

४ ऑक्टोबर

माझा लॅपटॉप गेला! चोराने नेला असता तर पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या. नेला नवरोबाने. 'ऑफिसातलं मशीन बसलंय, दोन दिवस दे.' दिला. आम्ही दोघंही घरांचे नकाशे काढणारे – तो ऑफिसात काढतो, मी मनात. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी 'तात्पुरती' नोकरी सोडली. सासूबाई कधीच्या तुरुतुरु चालायला लागल्या. तात्पुरतं मात्र अजून चालूच आहे.

९ ऑक्टोबर

त्याचे दोन दिवस म्हणजे रबर!

आणि नेमका आजच चष्मिसचा फोन. जुन्या ऑफिसातली मैत्रीण, जाड भिंगांची. म्हणाली, नदीपलीकडच्या एका कचेरीत नकाशाकाराची जागा निघाली आहे. एकच. त्यांनी एक वेडावाकडा प्लॉट दिलाय, त्यावर घर बसवायचं आणि फाइल पाठवायची. वीस तारखेपर्यंत. पसंत पडलं तर मुलाखत.

मला ही नोकरी हवी आहे. स्वच्छ लिहून ठेवते – हवी आहे! घरात मात्र चकार शब्द काढणार नाही. नवरोबा 'बघू' म्हणेल, आणि त्याच्या 'बघू'त माझी दोन वर्षं गेली. नेमणुकीचं पत्रच आणून तोंडासमोर नाचवीन. पण लॅपटॉप मागितला तर 'कशाला?' येणार. करू काय?

१० ऑक्टोबर

चष्मिस म्हणते, 'कपाटात जुना फोन पडलाय ना तुझा? त्यात लिनक्स बसव, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. आख्खी, कॉम्प्युटरवरची.' फोनात? 'अगं, फोनच्या घरात पोटभाडेकरू ठेवायचा. एक फोल्डर द्यायचा आणि सांगायचं, बाबा रे, हेच जग. तो बिचारा स्वतःला मालक समजून संसार थाटतो. चूल मात्र घरमालकाचीच.'

या प्रकाराला क्रूट म्हणतात. चुलीला, म्हणजे फोनच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमला, म्हणतात कर्नल. सगळ्यांचं शिजतं त्याच्यावर.

१२ ऑक्टोबर

दुपारी सासू-सासरे लवंडले की माझं दुकान सुरू. आधी फोनला कंपनीने घातलेलं कुलूप काढलं. फोनने दटावलं – 'यापुढची जबाबदारी सर्वस्वी तुमची.' लग्नात एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं!

१३ ऑक्टोबर

आज धमाल! ओट्याशी उभी राहून चष्मिसला फोनवर सांगत होते, 'कर्नल जुना आहे गं, पण दणकट. तो तयार झाला की माझं कामच झालं!' मागे वळले तर सासूबाई. हातात रिकामा कप.

'कोण गं हे कर्नल?'

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि जिभेला खाज सुटली. 'शिकवतात मला, आई. नकाशातलं.'

'वय?'

'झालंय तसं.'

'घरी कोण असतं?'

'एक पोटभाडेकरू.'

सासूबाईंनी कप विसळला. नंतर पुन्हा विसळला.

१४ ऑक्टोबर

पोटभाडेकरू राहायला आला! फोनला वायर लावून टीव्हीशी जोडला, कीबोर्ड-माउस घेतला, आणि टीव्हीवर खराखुरा कॉम्प्युटर! फोन इतका तापला की स्टीलच्या ताटलीत ठेवून खाली ओलं फडकं घातलं. तापाच्या पोरासारखी सेवा चालली आहे.

मग दाराची बेल वाजली म्हणून मी गेले, आणि इकडे सासरे उठले. टीव्हीवर काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी धो धो पळतायत – नकाशाचा प्रोग्रॅम उतरत होता. 'टीव्हीला काहीतरी चावलंय!' म्हणून त्यांनी लगोलग टीव्हीवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत मी वायर पदराआड केली. त्याने मागून टीव्ही थोपटला, आतून फुंकला, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, 'ओल धरली होती. काढली.' सासरे म्हणाले, 'याला म्हणतात हात!'

१६ ऑक्टोबर

घर उभं राहतंय. प्लॉट एका बाजूला निमुळता आहे, तिथे सगळे जण बाथरूम कोंबतील. मी तिथे स्वयंपाकघराची खिडकी ठेवली आणि खाली बसायला कट्टा. ओट्याशी उभ्या असणाऱ्या बाईला बाहेर बघता यायला हवं, एवढं तरी माझं मी कमावलेलं ज्ञान आहे.

नवरोबा हल्ली फार गुणी झालाय. एरवी साहेबाच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय घास उतरत नाही. हल्ली साहेबाचं नावच नाही. डबाही चाटूनपुसून संपवतो. लॅपटॉप घेऊन बायकोवर उपकार!

१७ ऑक्टोबर

मेले.

अतिशहाणपणा नडला. टीव्हीवरची अक्षरं ओबडधोबड दिसत होती, म्हणून म्हटलं, जुना पोटभाडेकरू काढू आणि नवा, देखणा आणू. नकाशा मुद्दाम फोनच्या स्वतःच्या जागेत ठेवला होता, सुरक्षित राहावा म्हणून. पण त्या जागेचं दार पोटभाडेकरूच्या घरात उघडत होतं – मीच उघडून दिलं होतं! चष्मिसने बजावलं होतं, 'आधी मधली दारं बंद कर, मग घर पाड.' मी दारं उघडी ठेवून घर पाडलं, म्हणजे तो आख्खा फोल्डर पुसून टाकला. भाडेकरूबरोबर मालकाचं सामानही रस्त्यावर. नकाशा गेला. काही काही उरलं नाही.

मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

१८ ऑक्टोबर

सकाळी चष्मिस म्हणाली, 'घर तुझ्या डोक्यात आहे ना? मग रडतेस कशाला!'

नवा पोटभाडेकरू घाईघाईने बसवला. पण आता दुपार पुरणार नव्हती, टीव्ही दिवसभर हवा. आणि सासरे बातम्यांसमोर ठाण मांडून! शेवटी म्हटलं, 'बाबा, कर्नलांना आज टीव्हीवरून शिकवायचंय.'

सासूबाईंकडून कर्नल त्यांच्या कानावर गेले होतेच. सासरे ताठ बसले. रिमोट दोन्ही हातांनी दिला. 'सैन्याला नाही म्हणायचं नाही.'

मी माउस ओढणीखाली घेतला. पडद्यावर बाण फिरायला लागला, भिंती उभ्या राहायला लागल्या. सासरे बघतच राहिले. 'या वयात काय चपळाई आहे!' मग जरा वेळाने, 'जिना मात्र चुकला कर्नलांचा. म्हाताऱ्याचं डोकं आपटेल.' बघितलं तर खरंच आपटलं असतं! जिना सरकवला. सासरे खूश. 'माणूस मोठा आहे, ऐकून घेतो.'

१९ ऑक्टोबर

पाठवला! पहिल्यापेक्षा सरस झालाय.

२५ ऑक्टोबर

बोलावलं! मुलाखतीला बोलावलं! एकोणतीसला, अकरा वाजता. मोरीत जाऊन नाचले. नळ सोडून.

२८ ऑक्टोबर

सासूबाईंना सांगितलं, उद्या कर्नलांना भेटायला जायचंय. त्या म्हणाल्या, 'वाईट वाटेवरच्या बाईचं तोंड इतकं उजळलेलं नसतं. जे काय असेल ते कर. फक्त पडू नकोस, माझ्यासारखी.' मला एकदम भरून आलं. सगळं ओकणार होते, तेवढ्यात नवरोबा आला.

त्यालाही उद्या घाई आहे म्हणे, ऑफिसात मोठी मीटिंग. त्याच्या शर्टाला मीच कडक इस्त्री केली. मनात म्हटलं, जा बाळा मीटिंगला, संध्याकाळी बघ बायको काय आणते!

२९ ऑक्टोबर

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाक होता. त्यावर अनोळखी माणसं, आणि टोकाला कडक इस्त्रीचा शर्ट. मांडीवर माझा लॅपटॉप.

'तू?' तो म्हणाला. मग अगदी हळू, 'नोकरी गेली गं. महिना होत आला. कसं सांगणार होतो तुला?'

मला आधी हसू फुटलं. मग त्याच्याशेजारी बसले. तेवढ्यात शिपाई दारात आला आणि त्याने नुसतं आडनाव पुकारलं.

दोघंही उठलो.