उमाबाईंपुढचे प्रश्नचिन्ह

मृत्युपत्र लिहून ठेवणार : जयमाला गिरीश चांदवडकर, वय अडुसष्ट, राहणार नाशिक, सध्या मुक्काम मुलाकडे, बिन महमूद, दोहा. लग्नाआधीचे नाव योग्य जागी येईल. घाई करू नये.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही, आणि सह्या मात्र जागोजागी घेतात. म्हणून डोके शाबूत असताना, कोणी भरीस न घालता, हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा पुरावा म्हणजे ते महिनाभर तापलेले आहे.

कलम १. नाशिकचा फ्लॅट आणि ठेवी मुलगा गंधार याला. तो स्टेडियमच्या कामावर आहे. घरी जेवायला बसतो तेव्हाही कपाळावर हेल्मेटचा वळ असतो. काहीही विचारले की, "आई, आत्ता नको, वर्ल्ड कप होऊ दे, मग बोलू." माझी शस्त्रक्रियासुद्धा त्याने फायनलनंतर ठेवली असती. फ्लॅटचे काय करायचे ते त्याने झोप पुरी झाल्यावर ठरवावे.

कलम २. पैठणी, कुड्या आणि पुरणयंत्र सून मालविका हिला. लग्नात तिचे नाव बदलायचे नाही, असे मी ठणकावून सांगितले होते. तिने पुरणयंत्र वापरले नाही तरी चालेल, पण भंगारात घालू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण तिला वर्ल्ड कपशी देणेघेणे नाही.

कलम ३. गौरींचे तांब्याचे तबक नात मधुरा हिला. त्याचा इतिहास तिला माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

माझ्या यजमानांचे खापरपणजोबा इंग्रजी अमदानीत सरकारी कोठारावर कारकून म्हणून एडनला गेले. त्यांच्याबरोबर गेल्या त्यांच्या पत्नी उमाबाई. समुद्र ओलांडला म्हणून माहेरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडला, असे घरात सांगतात. उमा हे नाव सासरचे. त्या आधी कोण होत्या, कोणाच्या, कुठल्या, हे मी वीस वर्षे शोधते आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले, तिथे बापाला मुलगे आणि मुलग्यांना मुलगे. एडनहून आणलेल्या पोपटाचे नाव सुलतान होते आणि तो भिजवलेली डाळ खायचा, हे मात्र आमच्या कुलवृत्तान्तात छापलेले आहे.

एकच धागा हाती होता. चांदवडकर देशावरचे, त्यांच्या गौरी मुखवट्यांच्या. आमच्याच शाखेत तेवढ्या खड्यांच्या, पाण्यावरून मुक्याने आणायच्या. ही कोकणातली रीत उमाबाईंचीच असणार. एडनच्या किनाऱ्यावर त्या खडे वेचत असणार. म्हणून मी कोकणात गावोगाव हिंडले. सगळीकडे एकच उत्तर : "आमच्याकडेही खड्यांच्याच." किनारा सापडला, घर सापडले नाही. याचा जो राग येतो, त्याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही.

यंदा मधुराने दोह्याजवळच्या अल वक्रा गावासमोरच्या समुद्रावरून खडे आणले. पहारेकऱ्याने काय चालले आहे म्हणून विचारले, तर ही पठ्ठी रीत पाळून गप्प. शेवटी तोच वैतागून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, निघा, म्हणाला. खडे दरवर्षी समुद्राला परत जातात, त्यामुळे देण्यासारखे तबकच उरते.

कलम ४. माझा जवळचे वाचायचा चष्मा चुलत दीर वसंतराव यांना. ते कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढत आहेत. गौरी गेल्यावर त्यांचा पुण्याहून फोन आला.

"वहिनी, उमाबाईंपुढचं प्रश्नचिन्ह वाईट दिसतं. मी 'गोदावरी' घालून टाकतो. नाशिककरांना शोभेल. आडनावही एखादं बघतो."

"भाऊजी, बाईला खोटा बाप देताय तुम्ही!"

"कोण तपासायला येणार आहे?"

"मी."

"तुम्ही बसलात तिकडे वाळवंटात," असे म्हणून ते हसले आणि त्यांनी फोनवर छपाईची पाने पाठवली.

ती पाने मोठी करून मी आमच्या शाखेपर्यंत आले. तिथे छापले होते : गिरीश. पत्नी जयमाला (माहेरचे नाव : ?).

मी जिवंत आहे. फोन उचलते. वसंतराव दर रविवारी माझ्याशी बोलतात. माझ्या लग्नात माझ्याच माहेरच्या जिलब्या खाऊन ते आजारी पडले होते.

मधुरा शेजारी बसली होती. तिने पान पाहिले आणि म्हणाली, "बट आजी, ही कुड हॅव जस्ट आस्क्ड यू."

वीस वर्षे मला वाटत होते, उमाबाईंचे नाव एडनच्या वाटेवर हरवले. ते हरवले नव्हते, बाळ. त्या समोर बसून जेवायला वाढत होत्या आणि कोणी विचारले नाही. त्या दिवशी मी फार रडले आणि मालविकाला वाटले, छातीत दुखते आहे.

कलम ५. छपाईसाठी मी कबूल केलेली देणगी दोन अटींवर द्यावी. उमाबाईंपुढे गोदावरी येता कामा नये. तिथे एक ओळ कोरी सोडावी, नाव हाताने लिहिता येईल इतकी लांब. ज्या मुलीला ते सापडेल तिने शाईने लिहावे. माझ्यापुढचे प्रश्नचिन्ह काढून तिथे खालची सही जशीच्या तशी छापावी.

साक्षीदार म्हणून शेजारच्या कनीजला बोलावले. सगळे ऐकून ती म्हणाली, "नाम काय कू बदले, बाजी? पुराना खराब था क्या?"

ही सही मी लग्नानंतर केलेली नाही. अक्षर वेडेवाकडे आल्यास सांभाळून घ्यावे.

साक्षीदार :
१. कनीज फातिमा, बिन महमूद. लग्नाआधीचे नाव : तेच.
२. विजय रणदिवे, अल अझीझिया. लग्नाआधीचे नाव : पुरुषांना कोणी विचारत नाही.

दोहा, १८ ऑक्टोबर २०२२

सही :
आसावरी केशव मुंडले, सातारा