शीग लावलेली पायली

माजलगाव, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वाचायला मीच शिकवलं, तेव्हा आता पत्रांतून सुटका नाही. आई-आबा ऊसतोडीला कर्नाटकात सुखरूप पोचले. मी इथल्या गावांत आपल्यासारखेच बायकांचे धान्यगट उभे करते आहे. सुगीला प्रत्येकीने कोठीत धान्य घालायचं, अडीनडीला उसनं न्यायचं, पुढच्या सुगीला परत करायचं. भीक नाही, उपकार नाही, म्हणून कुणी मान खाली घालायला नको. पहिला गट आपल्या गावात निघाला हे मी सगळीकडे मिरवते.

अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून तुझं रेशन थांबलंय ना? मग कोठीतून ज्वारी ने. या पोरीवर माया राहू दे.

तुझी,
सुनिता

लिंबागणेश, ३ डिसेंबर

चि. सुनितास आत्याचा लई लई आशीर्वाद.

वाचायला दोन दिस लागले, तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाय. कोठीची चावी विमलबाईकडं हाय, तिच्याकडून एक पायली ज्वारी आणली. तिनं सपाट मापून दिली. नेताना माप सपाट, पण देताना वर टोक येईस्तोवर शीग लावून द्यावं, ही आपली रीत हाय.

एक इचारू का? मला आता खुरपायला जाणं होत न्हाई. रान तुझ्या बापाचं, त्यात यंदा बाजरी बी आली न्हाई. जिला परत करता येत न्हाई तिनं काय करायचं? रागावू नको माय. मी पोटभर खाती.

तुझी आत्या,
चतुराबाई

माजलगाव, १५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोंबडीच्या अक्षरातच पुन्हा लिहिते. तुझा प्रश्न मी इथल्या बैठकीत सांगितला. म्हटलं, आमच्या गटात आजवर एकीचंही धान्य बुडालं नाही, आणि माझी आत्या तर शीग लावून परत देते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता इकडच्या चार गावांना तुझं नाव ठाऊक आहे. तेव्हा असलं काही मनात आणू नकोस. लागेल तेवढी ज्वारी ने, आणि माझी आठवण काढत जा.

तुझी,
सुनिता

लिंबागणेश, २४ फेब्रुवारी २०२५

चि. सुनितास आशीर्वाद.

तुझ्या टाळ्या बहिरीला बी ऐकू आल्या. ज्वारीची काढणी झाली. काढल्यावर रानात पडल्याली कणसं, सरवा म्हणतो आपण, ती वेचायला जाती. चक्कर येती, पण बसत बसत होतंय. विमलबाई म्हणली, लई वाळलीस आत्या, अजून एक पायली ने. म्या म्हणलं, पहिली फिटू दे. चार गावांत तुझी मान खाली जाऊ देणार न्हाई मी.

येताना माझ्या चष्म्याला दांडी आण. दोऱ्यानं बांधून किती दिस वाचू?

चतुराबाई

लिंबागणेश, १७ मार्च

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचा तिसरा दिवस करून तुम्ही दोघं तोडीवर परत गेलात. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं, साधा ताप झेपला नाही. काल घर आवरलं. पिठाचा डबा घासूनपुसून पालथा ठेवला होता. मग विमलबाईंनी कोठी उघडून दाखवली. ताप येण्याच्या आदल्या आठवड्यात आत्या सरव्याची ज्वारी घेऊन आली होती. पायली भरली, वर शीग लावली, खाली सांडलेले दाणे वेचून पुन्हा वर ठेवले आणि म्हणाली, सुनिताला कळवा. विमलबाईंना वाटलं, घरात असेल म्हणूनच देते आहे.

पाडव्यानंतर माजलगावला बैठक आहे. नियम सांगायला उभी राहीन तेव्हा काय सांगू? चष्म्याची दांडी माझ्या पिशवीत तशीच आहे.

तुमची,
सुनिता

ऊसतोडीचा तळ, २३ मार्च

चि. सुनितास आबाचा आशीर्वाद.

फोनवर तू रडतीस, मग तुझी आई रडती, म्हणून म्या बी लिवतोय. तुझी आत्या ल्हानपणापासून अशीच. शेजारून विरजण आणलं तर वाटी कधी रिकामी परत धाडली न्हाई. तुझा गट वाईट न्हाई पोरी. कोठीत धान्य हाय म्हणूनच आमी तिला मागं ठिवून बिनघोर हिकडं आलो.

तिची पायली कोठीत येगळी ठिव. जिला परत करता येत न्हाई तिला दे. सपाट मापू नको, शीग लावून दे. अन् परत मागू नको.

कारखाना बंद झाला की येतो. तवर पोटाला खात जा.

आबा