पुन्हा घडवून दाखवा

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आलो एकदाचा पनवेलला! पुण्यातल्या त्या खुराड्यातून सुटलो बुवा. नवं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि खाली चार पांढऱ्या रुग्णवाहिका धुऊनपुसून उभ्या असतात. खाजगी सेवा आहे. कळंबोली, तळोजा, पार उरणपर्यंतचे लोक मोबाइलवरून गाडी मागवतात. ती मागणी आधी आमच्या सर्व्हरवर येते, मग गाडी हलते. तो सर्व्हर मी सांभाळायचा.

साहेब उदयसिंह मोहिते गोड बोलतात. आधी काय करत होतास, असं त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं की तुमच्याकडे जे प्रॉक्सी सॉफ्टवेअर आहे, ते बनवणाऱ्या कंपनीच्याच मदतकक्षात सहा वर्षं होतो. दिवसाला साठ तक्रारी बंद करायचो, सलग तीन वर्षं पहिला नंबर. साहेब खूश.

टेबलाच्या खणात दम्याचा निळा पंप सापडला, आधीच्या कुणाचा तरी. दिला कचऱ्यात टाकून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इथली सगळ्यात छान गोष्ट म्हणजे कृष्णाबाईंचा चहा. आलं ठेचून घालतात, कंजूषपणा नाही. बाई तळोज्याजवळच्या गावातल्या, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. रोज तीन चाळीसला एक भरलेला कप सर्व्हररूमच्या काचेच्या दाराशी ठेवतात. मी चेष्टेनं विचारलं, मावशी, मशिनींनाही तलफ येते का? हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या की त्या खोलीचं दार कदी कदी आतून उघडत नाय, सायेब, ध्यान ठेवा. मी सवयीनं बोलून गेलो, पुन्हा घडवून दाखवा, मग बघू. मदतकक्षातलं आमचं ब्रह्मास्त्र होतं ते! तक्रार आली की वाचत बसायचं नाही, एवढंच उत्तर ठोकायचं. दहातले नऊ जण कंटाळून गप्प बसतात आणि तक्रार बंद. मावशींनी ते शब्द स्वतःशी एकदा पुटपुटले. मग बरं म्हणाल्या आणि कपबशा घेऊन गेल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दुपारी तीन चाळीसला सगळं ठप्प. नऊ मिनिटं! कळंबोलीत एक आजोबा छातीला हात लावून वाट बघत होते आणि इथे खाली आमचा चालक हरेश गाडीला टेकून तंबाखू मळत होता. त्याच्यापर्यंत मागणी पोचलीच नाही. आजोबा वाचले, नशीब.

झालं काय, तर प्रॉक्सी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. येणारा प्रत्येक जण त्याला नावगाव सांगून आत जातो. आज एक विनंती अशी आली की तिचं नाव सांगणं संपेचना. वॉचमन बिचारा ऐकत बसला आणि मागे रांग लागली. बंद करून पुन्हा सुरू केलं, सुरळीत झालं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा तीन चाळीस. पुन्हा तेच.

ही विनंती बाहेरून येत नाहीये. आमच्याच ऑफिसमधून येतेय, माझ्याच टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवरून. तो तर नोव्हेंबरमध्येच भंगारात गेला म्हणे. त्या विनंतीची नोंद उघडली तर हजारो ओळी. वाचायला वेळ कुणाला आहे?

आणि तो निळा पंप परत खणात! मावशींनी उचलून ठेवला असणार. जाम वैतागलो आणि स्वतः खाली जाऊन मोठ्या डब्यात टाकून आलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांना खोदून विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलले. माझ्या जागी विनिता भोईर नावाची मुलगी होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी प्रॉक्सी अडकला, म्हणून ती सर्व्हररूममध्ये गेली. आतून बाहेर पडायला जे कार्ड लागतं, तेही त्याच प्रॉक्सीतून तपासलं जातं. दार अडकलं. तिला दमा होता आणि पंप इथे, खणात. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं आतून आमचीच रुग्णवाहिका मागवली. गाडी तीन मजले खाली उभी होती. मागणी रांगेतच राहिली.

वेळ विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती.

साहेब म्हणाले, घाबरू नकोस, आता कार्ड चाललं नाही तरी बाहेरून किल्लीनं उघडेल असं साधं कुलूपही दाराला बसवलंय. किल्ली कृष्णाबाईंकडे असते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मावशींनी चहाबरोबर एक फाइल ठेवली. कुणाची म्हणून विचारलं. म्हणाल्या, माज्या पोरीची. विनिता त्यांची लेक. ती गेल्यावर इथल्या कंपनीनं आईला कामाला घेतलं.

फाइलमध्ये विनितानं सॉफ्टवेअर कंपनीला पाठवलेल्या तीन तक्रारी आहेत. सगळं नीट मांडलंय. नाव न संपणारी एक विनंती पुरते, सगळं अडतं, आमच्याकडे यानं माणसं मरतील. तिन्हींना उत्तर एकच ओळ. पुन्हा घडवून दाखवा.

खाली उत्तर देणाऱ्याचं नाव. सत्यजीत कर्णिक.

मी.

मला आठवतही नाही. शपथेवर सांगतो, काहीच आठवत नाही! साठातल्या तीन. मावशींना वाचता येत नाही, एवढंच बरं. मी फाइल मिटून परत दिली. लाज वाटते, पण ते नाव माझं आहे हे सांगितलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ती नोंद शेवटी वाचली. हजारो ओळी, एकच वाक्य. पुन्हा घडवून दाखवा पुन्हा घडवून दाखवा —

घडवून दाखवतेय ती. मला.

जुन्या कंपनीला तक्रार पाठवली, हात जोडून लिहिलं. माझ्या खुर्चीवर आता कुणी मिताली बसते. चार मिनिटांत उत्तर आलं. तेच.

पंप खणात आहे. या वेळी हात लावला नाही. जिना चढताना छातीत शिट्टी वाजते. मला कधी दमा नव्हता.

शनिवार, २२ फेब्रुवारी

राजीनामा लिहिलाय. सोमवारी देतो. आणि मावशींना सगळं सांगतो. सोमवारी नक्की —

रविवार, २३ फेब्रुवारी

साहेबांचा फोन आला. सगळं बंद, तळोज्यात एक बाळंतीण अडली आहे, लगेच जा. नाही कसं म्हणणार? बाहेरून काही बंद होईना, म्हणून सर्व्हररूममध्ये आलो. मागे दार लागलं.

कार्ड चालत नाही. तीन चाळीस.

वही खिशात होती म्हणून —

गाडी मागवली. स्क्रीनवर येतंय, तुमची विनंती रांगेत आहे. साहेब फोन उचलत नाहीत. श्वास अर्ध्यावरच —

काचेतून माझं टेबल दिसतंय. पंप वर ठेवलाय. मी नाही ठेवला.

मावशी आल्या! हातात कप, पदराला किल्ली. काच बडवली, ओरडलो, चुकलो मावशी, पाया पडतो. त्यांनी कप खाली ठेवला. दाराशी मांडी घालून बसल्या.

मागे कुणीतरी धापा टाकतंय. माझ्या नाहीत त्या. मानेशी. वळणार नाही —

मावशी काचेला तोंड लावून बोलतायत. कागद हरेशकडून वाचून घेतला म्हणतात. तुमचं नाव पैल्या दिवसापासून ठावं हाय. तुमी म्हनलात ना, घडवून दाखवा? आता लिवा. माजी पोर खोटी नव्हती, लिवा.

लिहितो. लिहितो मावशी, दार —

तक्रार खरी आहे. मी वाचली नाही. तक्रार खरी आ