बिब्ब्याचे डाग

१४ मे २०१५, लातूर

आलो एकदाचा. बंगळूरपासून बसून बसून अंग आंबलं होतं, पण स्टँडाबाहेर पाय ठेवला आन् आपल्या बोलीचा कालवा कानावर पडला, लई बरं वाटलं. गावाकडं कुणालाच ठाऊक न्हाई मी आलोय ते. आईला वाटतंय, लेक बंगळुरात फरश्या घासून राहिलाय.

खोली क्लासच्या गल्लीत मिळाली. गल्लीभर पोरांच्या तोंडांचे फलक. कुणी डॉक्टरकीला लागला, कुणी इंजिनियरीला. मी सातवीतून पळालेला, आन् झोपणार त्यांच्याच कॉटवर! परीक्षा उरकून पोरं गावाला गेलीत, सगळ्या खोल्या रिकाम्या. घरमालकीण गौरम्मा मावशी, निलंग्याकडची. मला बघून म्हणाली, तू रे कुठल्या क्लासचा, टक्कल पडायला आलं की तुला. मी म्हणालो, मावशी, मी तोंडाच्या क्लासचा. हसून हसून पदर तोंडाला लावला तिनं.

ही वही कॉटखाली सापडली. पुढं बेडकाच्या पोटाचं चित्र काढलंय, मागची पानं कोरी.

१५ मे

झालं. लेझरनं तोंडावरचे डाग जाळले. सुन्न करायचं मलम लावलं तरी चटके बसले. केस जळाल्यागत वास. डॉक्टर मॅडमला मी सांगितलं, तुमचं आन् आमचं काम एकच. आम्हीपण वरचा थर घासून काढतो, मग दगडाचा खरा रंग वर येतो. मॅडम म्हणाल्या, बोलू नका, कातडी ओढली जाते. आठवडाभर उन्हात जायचं न्हाई, खपली ओढायची न्हाई, हसायचं सुद्धा कमी. म्हणून तर लिहायला बसलोय. बोलल्याबिगर मला करमत न्हाई.

डाग कशाचे, असं त्यांनी विचारलं होतं. भाजल्याचे, म्हणालो. बिब्ब्याचे म्हणलं असतं तर सगळं सांगत बसावं लागलं असतं.

हितं सांगतो. आम्ही जुळे. मी हणमंत, दुसरा सटवा. दोघांची तोंडं एका साच्यातली, आईसुद्धा चुकायची. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सहा महिन्यांचे. बाप जागीच गेला. आईनं हातानं माती उकरली. मी वर होतो, मी घावलो. सटवा खाली होता. त्याचं रडणं दुपारपर्यंत ऐकू येत होतं म्हणतात. दुपारनंतर थांबलं.

मग तेराव्याला आईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आन् त्याचं तेल माझ्या दोन्ही गालांना आन् कपाळाला लावलं. जुळ्यातला एक मातीत गेला की तो आपलं तोंड हुडकत येतो म्हणं. वर राहिलेल्याचं तोंडच बदलून टाकलं की तो बघतो, हे माझं न्हाई म्हणतो, परत जातो.

कातडं उतलं, फोड आले, डाग राहिले. बावीस वर्षं ते घेऊन फिरलो. हैदराबादला डागी, पुण्याला डागी, बंगळुरात तर नावच डागी. एका जागी टिकलो न्हाई, त्याचं कारण हेच. आता उदगीरकडची शिवगंगा म्हणून पोरगी आलीय सांगून. फोटो बघून ती म्हणाली म्हणं, माणूस बरा दिसतो, पण तोंडाला काय झालंय. पुढल्या आठवड्यात पाहुणे घरी यायचेत. त्याआधी नवं तोंड घेऊन आईपुढं उभा राहणार. रडंल, शिव्या देईल, मग गप्प बसंल.

१६ मे

तोंड सुजून भोपळा. डोळ्याच्या फटीतून लिहून राहिलो. मावशीनं खिडकीला पेपर चिकटवले, उन्हाचा कवडसा नको म्हणून. जेवण दारात ठेवती आन् बाहेरूनच वरडती, ए डांगरतोंड्या, भात खा.

आरसा न्हाई हितं. ताटलीत बघितलं. लाल मांसाचा गोळा दिसला, मग बघितलंच न्हाई.

बंगळूरच्या पोरांना फोन लावला. कामावर हाव, नंतर बोलू, म्हणाले. नंतर कुणी लावला न्हाई. आईला लावता येत न्हाई, तिला आवाजातलं लगेच कळतं.

भिंतीवर एका पोरानं पेनानं लिहिलंय, आई मला घरी ने. खाली दुसऱ्यानं लिहिलंय, मलापण.

१७ मे

तोंडातून पाणी पाझरतंय. मिठाच्या पाण्यानं धुतो, मलम लावतो, उताणा पडतो. जगात माझ्यापुरती एक कॉट उरलीय.

दुपारी एक गंमत झाली. पाण्याचा तांब्या खाली ठेवला तर फरशी बद्द वाजली. आमच्या धंद्यात पोकळ फरशी कानाला लगेच कळती. कॉटखालच्या चार-पाच फरश्या पोकळ हायत. खाली मसाला भरलाच न्हाई गवंड्यानं. बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. बद्द, बद्द.

मग खालून तसंच वाजलं. दोनदा.

खोली तळाला, खाली नुसती जमीन. पाइपात हवा असंल.

१८ मे

मावशी दारातून ताड ताड बोलली. डॉक्टरनं उन्हात जाऊ नको म्हणलं ना, मग भर दुपारी बोळात कशाला हिंडत होतास, आन् तेही उघड्या तोंडानं. मी म्हणालो, मी कॉटवरून हललोच न्हाई. ती म्हणाली, मला काय मोतीबिंदू झालाय का. हाक मारली तर वळून बघत राहिलास नुसता. पहिल्यांदा बोलायला शिकणाऱ्यागत ओठ हलवलेस.

दुसरं कोण तरी पोरगं असंल. पण गल्ली तर रिकामी हाय.

खालून ठोकणं आजपण. दुपारीच. मी उलट ठोकलं न्हाई.

१९ मे

खपल्या सुटायला लागल्या. तोंड धुतलं तर पाण्यात करडा गाळ आला. फरशी घासताना येतो तसला. बोटांत चोळून बघितला. दगडाची पूड न्हाई. माती हाय. पांढरी, गावाकडच्या जुन्या भिंतीची.

मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, मलमाला धूळ चिकटली असंल, खोली पुसून घ्या.

गाल हाताला गुळगुळीत लागतोय. डाग गेले. आनंद व्हायला पाहिजे होता.

मावशी म्हणाली, तोंड कसलं झकास आलंय रे तुझं, नवरदेवागत. मी अजून दार उघडून तिला तोंड दाखवलंच न्हाई.

२० मे

दुपार. खाली लेकरू रडतंय.

कॉट सरकवली. फरशीला कान लावला. लांबून, खोलातून. थकलेलं रडणं. मी फरशीवर हात ठेवला तर ते जास्तच रडायला लागलं. मी म्हणालो, सटवा. कातडं तडकलं गालाचं, तरी म्हणालो. माझ्याकडं बघू नको. मी तू न्हाई.

पण आता कशावरून न्हाई? डाग तर मीच काढून आलो.

उद्या सकाळी निघतो. ऊन लागू दे, तोंड जळू दे. आईला सांगतो, परत बिब्बा लाव.

२१ मे

उशिरा जाग आली, तर बाहेर मावशी फोनवर बोलत होती, लेकीशी. पोरगं सकाळीच गेलं म्हणाली. पाया पडून गेलं, लई गुणाचं. खोलीला कुलूप घातलंय, आता मी पण येते तुझ्याकडं.

मी दार बडवलं. हाका मारल्या. माझा आवाज मलाच बारीक लागला. लेकरागत.

तिनं ऐकलं असंल. एकदा थांबली ती. म्हणाली, मांजर अडकलंय वाटतं कुठंतरी. मग चपला वाजत गेल्या.

माझी पिशवी न्हाई. कपडे न्हाईत. रुमाल सुद्धा.

खिडकीच्या फाटलेल्या पेपरच्या फटीतून बघितलं. खिडकीबाहेर गल्ली पाहिजे. माती दिसती.

२१, नंतर

फोन तेवढा राहिला, उशाखाली. आईला लावला.

आई, मी हणमंत.

मागं भांड्यांचा आवाज. कुणी तरी जेवत होतं. ती म्हणाली, हणमंत हितं बसलाय माझ्यापुढं. सकाळी आला. तोंड साफ करून आलाय. मला भ्या वाटलं होतं, पण त्यानं माझा हात धरला, म्हणाला, आई, आता भिऊ नको. परवा पाहुणे येणार, त्याला बघायला.

मी म्हणालो, आई, तो मी न्हाई, मी हितं हाय, खाली—

खाली, असं का म्हणालो मी?

मग ती रडायला लागली. मला ठाऊक होतं तू येशील म्हणाली. बिब्बा उतरला की तू येशील. तिनं नाव घेतलं न्हाई. म्हणाली, झोप रे लेकरा. लई उकरलं मी. नखं गेली माझी. हात न्हाई पुरले. आता तरी झोप.

फोन बंद केला तिनं. परत लावला तर—

दिवस कुठला

अंधार. खिडकीची फट बुजली.

तोंडात माती येती. थुंकतो. परत येती.

कॉट न्हाई. पाय लांब होत न्हाईत. वही छातीवर धरून—

मी वर होतो. मी घावलो होतो. मी हणमंत.

ठोकतो. वर पोकळ वाजतंय. वर कुणी तरी हाय. माणसं चालून राहिलीत. हसून राहिलीत. बाई हसती एक, ओळखीची न्हाई. शिवगंगा असंल.

आईची काकणं. ती वरच हाय. एवढ्याशा अंतरावर. आई, हितं. हितं उकर. मी—

रडायला येतंय तेवढं रडतो. ऐकू जातंय तिला. काकणं थांबली.

अजून दुपार व्हायचीय. दुपारपर्यंत आवाज येतो. दुपारनंतर