दानूचा तिरका सुळा

२२ एप्रिल

बाई गं — काय पाहिलं मी आज! दानूच्या जबड्याचा एक्स-रे. समोरचे दात दाटीवाटीनं एकमेकांवर चढलेत म्हणून नेलं होतं. फोटोत आलेले दात तर होतेच, पण त्यांच्या वर आणखी एक रांग! न आलेले दात, हिरडीच्या आत, पार नाकाच्या बाजूपर्यंत, गपचूप बसलेले. दहा वर्षं या पोरीला न्हाऊमाखू घालतेय, गालाचे मुके घेतेय, आणि त्या गालाआड हे सगळं चाललंय याचा पत्ताच नव्हता.

स्वप्नाली डॉक्टर म्हणाल्या, "वरचा हा सुळा तिरका निघालाय, शेजारच्या दाताच्या मुळाकडं. आत्ता जागा केली तर बहुतेक आपला आपण वळंल. न्हाय वळला तर पुढं हिरडी कापून ओढून आणायला लागंल." मग विचारलं, दुधाचा दात कधी लवकर काढलाय का? शेजारचे दात सरकून जागा खातात म्हणे.

मला दिवाळी आठवली.

२३ एप्रिल

फोटोत डावीकडचा सुळा तिरका. आणि डावीकडचाच दुधाचा दात दिवाळीत आक्कांनी दोरा बांधून काढला होता! नीट हलतही नव्हता.

आक्का म्हणजे सासूबाई. दुधाचे दात काढण्यात पेठेत त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दोरा, एक झटका, दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर. पोरगं रडायच्या आत तोंडात गुळाचा खडा.

बोलायचं नव्हतं, बोलले. "तुमच्यामुळं पोरीचा दात वाकडा झाला!" आक्का पातेलं घासत राहिल्या. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई.

५ मे

टाळूला पट्टी चिकटवली. मधोमध बारका स्क्रू. रोज तारेच्या चावीनं थोडा फिरवायचा म्हणजे जबडा रुंद होतो. हाड रुंद होतं! मी विचारलं, असं कसं होईल? डॉक्टर म्हणाल्या, या वयात टाळूची मधली शिवण अजून कच्ची असते.

शिवण म्हटल्यावर कळलं. पोरांच्या फ्रॉकात आपण आत माया सोडतोच की, पुढं उसवून वाढवायला. देवानंही सोडलीय. वेळेत उसवायची, एवढंच.

पहिल्यांदा चावी तोंडापर्यंत नेऊन दोनदा मागं घेतली. दानूच मला म्हणाली, "आई, घाबरू नगंस." आक्का आतल्या खोलीत. बघायलासुद्धा आल्या नाहीत.

१६ मे

फट पडली!! समोरच्या दोन दातांत, काडीपेटीची काडी जाईल एवढी! घाबरून फोन केला. डॉक्टर हसल्या. "पडायलाच पायजे की! हाड उघडलंय. आता चावी फिरवायची थांबवा."

किती तरी वेळ पोरीचं तोंड उघडून बघत बसले. माझ्या हातानं हाड हललं. माझ्या! ब्लाउजची बाही सरळ लागली तरी खूश होणारी बाई मी.

२० जून

शेजारची मोना लेकीला घेऊन आली. दात हलतोय, काढा म्हणाली. आक्कांनी हात मागं घेतला. "न्हाय बाई. सोडलं म्या ते." मोना माझ्याकडे बघायला लागली. मी मशीनवर बसून होते. बरंच झालं, म्हटलं मनात.

९ जुलै

फट मिटली. कोणी हात न लावता. दातांना कसं कळतं?

१८ नोव्हेंबर

नवा फोटो. सुळा वळलाय!

दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले. तेव्हा तिरका पडला होता, आता खाली तोंड करून निघालाय. त्याला कोणी ढकललं नाही, ओढलं नाही. फक्त जागा केली. तो अंधारात, हाडाच्या आत, आपला आपण वळला! दवाखान्यातच डोळे भरून आले. दानू म्हणे, "आई, लोकं बघाय लागल्यात!" बघू देत.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आक्कांनी देवापुढे दिवा लावला. मग सरळ आतल्या खोलीत गेल्या.

११ फेब्रुवारी

टोक दिसलं. तांदळाच्या कणीएवढं. पण उजवीकडे! दवाखान्यात नेलं. म्हटलं, हा नव्हे हो, तिरका होता तो डावा. डॉक्टर म्हणाल्या, "हाच तिरका होता. एक्स-रे समोर उभ्या माणसासारखा बघायचा. फोटोतली डावी म्हणजे दानूची उजवी. डावा पहिल्यापासून सरळच हाय, तो पण येईल. हिचा जबडाच अरुंद होता, दुसरं काय न्हाय."

घरी आले. आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. पायाशी बसून सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती.

"म्हंजे मी न्हवं व्हय गं ते?" म्हणाल्या, आणि पोरीसारख्या रडायला लागल्या.