कुणीच प्रश्न विचारला नाही

निइगाता,
२१ नोव्हेंबर

आदरणीय कुवाबारासाहेब,
नमस्कार.

इकडे थंडीनं जोर धरलाय. डोंगरमाथा पांढरा झाला, गाड्यांना बर्फात चालणारी चाकं चढली, घरोघरी वळचणीला पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगलीत. नागोयात अजून कोवळं ऊन असेल. तुमची पाठ कशी आहे? वहिनींना माझा नमस्कार सांगा. आधी ऋतूची चार वाक्यं लिहावीत, मग कामाचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. लिहिली.

मिठाईचा खोका पोचला. चेस्टनटची दिसतेय, माझ्या आवडीची. आवड लक्षात ठेवलीत. तुमच्या लक्षात सगळंच राहतं म्हणा.

पत्रही पोचलं. सोमवारी तुम्ही स्वतः येणार. सकाळच्या सभेत लोकांना राजीखुशीनं राजीनामा देण्याचे कागद वाटणार. आणि मी कारखान्याची व्यवस्थापक म्हणून तुमच्या शेजारी चौथऱ्यावर उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे. "तुझं ऐकतात ती माणसं," असं लिहिलंत.

ऐकतात खरी. तिथंच तर घोडं पेंड खातंय, साहेब.

ऑगस्टमध्येही तुम्ही हेच म्हणाला होतात. ओबोनची सुट्टी तोंडावर होती. लोक पितरांना भेटायला गावोगाव पांगणार, आणि कारखाना मार्चमध्ये बंद पडणार ही कुजबुज सोबत घेऊन जाणार. तुमचा फोन आला. "सुमिए, उद्या सभेत ठणकावून सांग, असलं काही नाही. मी सांगतोय ना!" तुम्ही सांगताय म्हटल्यावर मी कशाला विचारतेय! दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर चढले आणि ठणकावून सांगितलं. कुकरची झाकणं बसवणाऱ्या ओगुरामावशी मागून ओरडल्या, "बघा बाई, पितरांना तसंच कळवते हं! मग फिरवाफिरवी चालायची नाही." सगळे हसले. मीसुद्धा.

वेल्डिंगचा इवातानी आठवतो? शेजारच्या गावात त्याला नोकरी सांगून आली होती. माझं बोलणं ऐकून त्यानं नाही म्हणून कळवलं. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "नीमुराबाई बोलल्यात." ती जागा आता भरली.

मग ऑक्टोबरची मुख्य कार्यालयातली बैठक. कारखाना बंद करण्याचा ठराव तुम्ही वाचलात तेव्हा माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. मी टेबलाभोवतीच्या तोंडांकडे पाहिलं. आता कुणीतरी बोलेल. विक्रीवाले तरी विचारतील, भाताचे कुकर यापुढे कुठे बनणार? कुणीच प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहाच्या कपांवरची झाकणं उघडली.

त्या शांततेचा अर्थ मला कळायला वेळ लागला नाही, कारण तो तुम्हीच शिकवला होता. मी नवी होते, बैठकीत तावातावानं बोलले होते, आणि तुम्ही मला बाहेर बोलावून म्हणाला होतात, "अगं, बैठक ठरवायला नसते, मान हलवायला असते. मोठं झाड हलवायचं तर माळी आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतो. तसं एकेकाच्या टेबलाशी जायचं, त्याचं ऐकायचं, आपलं सांगायचं. बैठकीत कुणी प्रश्न विचारला नाही, की समजायचं सगळ्यांना आधीच विचारून झालंय."

सगळ्यांना विचारून झालं होतं. मला सोडून.

बाहेर मी हिशेब खात्याच्या तादोकोरोला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! जूनमध्येच साहेब आले होते माझ्या टेबलाशी." मग त्याचा चेहरा पडला. "तुला नाही सांगितलं?"

जूनमध्ये. आणि मला चौथऱ्यावर चढवलंत ऑगस्टमध्ये.

लिफ्टपाशी तुम्ही काय बोललात ते तुम्हाला आठवत असेल-नसेल, मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मनाला लावून घेऊ नकोस. तुला खोटं बोलता येत नाही गं. सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. काम थांबलं असतं." इतक्या मायेनं म्हणालात, की मी मान लववून चक्क "आभारी आहे" म्हणाले! सवय मेली. गाडीत बसल्यावर रडू फुटलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून माझ्याच तोंडून ते बोलवून घेतलंत. नोकरी जातेय याचं जेवढं दुःख नाही, तेवढं याचं आहे. वडिलांच्या जागी मानत होते मी तुम्हाला.

परत आल्यावर इवातानीला आधी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हातमोजे काढत त्यानं एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

त्यानं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ओगुरामावशी पलीकडून म्हणाल्या, "अरे, खरं बोलतेय ती, दिसत नाही का? बाईंनाही गंडवलंय. चला, म्हणजे बाई आपल्यातल्याच निघाल्या!" कुणीतरी हसलंसुद्धा. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा तुमच्या पत्राचं उत्तर असं, की तुमचं म्हणणं मी लोकांपर्यंत पोचवलंय. सभेत नाही. एकेकाच्या टेबलाशी जाऊन. पत्रात जसं आहे तसं वाचून दाखवलं, मग गप्प बसून त्यांचं ऐकलं. धातूचे पत्रे कापणारे, वेल्डिंगवाले, झाकणं, पॅकिंग, स्वयंपाकघर, फाटकावरचे म्हातारबासुद्धा. 'मला विचारलं नाही' असं म्हणायला कुणालाच जागा ठेवली नाही. तुमचीच विद्या.

सोमवारी तुमचं स्वागत नीट होईल. चहा मिळेल, खोली उबदार असेल. तुम्ही चौथऱ्यावर उभे राहाल, बोलाल, ते सगळे शांतपणे ऐकतील. मग तुम्ही विचाराल, "कुणाला काही शंका?"

कुणीच प्रश्न विचारणार नाही. कुणी कागदही घेणार नाही. घाबरू नका, आरडाओरडा होणार नाही. कारखान्याचं पुढं काय, हे आमच्या समोर बसून बोलायला कधी येताय तेवढं सांगा, मग बाकीचं.

मिठाईचा खोका न उघडता परत पाठवतेय. तुमच्या शेजारी मी नसेन. शोधू नका, ओगुरामावशींनी त्यांच्या बाजूला माझ्यापुरती जागा करून ठेवलीय.

प्रकृतीला जपा. येताना जाड कोट घाला, इथं वारा फार असतो.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'तुमची' असं लिहीत आले. आज लिहवत नाही.

झाकणांच्या ओळीतली,
नीमुरा सुमिए