सहा महिन्यांच्या आत

बर दुबई, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय करेन,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर हिलरी शेजारी येऊन स्पीकर लावायला सांगतो, म्हणून हे पत्र. रॉयडन ऑगस्टच्या दोन तारखेला इथून गेला. सहा महिन्यांच्या आत एकदा दुबईत यायलाच हवं, नाहीतर त्याची रेसिडेन्सी रद्द. जानेवारीत त्याला पंचवीस पूर्ण होतात. त्यानंतर रद्द झाली, तर बापाच्या नावावर ती पुन्हा निघणार नाही. मी आठवण करून दिली की मम, चिल, म्हणतो. तू मावशी आहेस आणि वीस मिनिटांवर राहतेस, कान धर.

हिलरी दर शनिवारी लॅपटॉपवर त्याच्या क्लबची फुटबॉल मॅच लावतो. एकच कॅमेरा, माणसं मुंग्यांएवढी. तरी खाली घसरलेल्या मोज्यांवरून पोराला ओळखायचा. गेले पाच आठवडे ते मोजे दिसत नाहीत. रोटेशन आहे, बेंचवर असतो, असं रॉयडन सांगतो. कॅमेरा बेंच दाखवत नाही, म्हणून हिलरी मान वाकडी करून स्क्रीनच्या कडेला बघत बसतो. मुलगा इंग्लंडमध्ये डिफेंडर आहे, हे चर्चबाहेर सगळ्यांना सांगून झालंय. लीग खालची आहे, हे जरा हळू सांगतो.

जिवाला जप, आठवण ठेव.
तुझी मिल्ड्रेड

इंग्लंड, १४ डिसेंबर २०२५

ती. मिल्ड्रेडताईस,
सा. न. वि. वि.

रॉयडन बरा आहे. ख्रिसमसला इथे फुटबॉलला सुट्टी नसते, उलट दहा दिवसांत चार मॅचेस. क्लब त्याला सोडणार नाही. जानेवारीत नक्की पाठवते.

हल्ली तो माझ्याकडेच राहतो. क्लबची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मलाही सोबत होते. अकरा मॅचेसमध्ये त्याने एकच गोल केला, तोही आपल्याच गोलकीपरच्या मागे. भावोजींनी चर्चबाहेर तोही सांगितला का, ते कळव.

माया आहे तशीच असू दे.
तुझी करेन

इंग्लंड, ८ फेब्रुवारी २०२६

ती. मिल्ड्रेडताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ऑक्टोबरमध्ये त्या अकराव्या मॅचला एकाला अडवताना रॉयडनचा उजवा गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. ख्रिसमसला तो येऊ शकला असता, पण कुबड्या घेऊन दुबईला उतरणार नाही, पप्पा चार मित्रांना घेऊन न्यायला येतात, असं म्हणाला. मला शपथ घातली. पेशंटचं बाहेर बोलायचं नाही, ही माझी नर्सची सवय. ती मी सख्ख्या बहिणीवर चालवली.

कुबड्या सुटल्यावर पाठवू, असं ठरवून अठ्ठावीस जानेवारीचं तिकीट काढलं. सव्वीसला गुडघा सुजला, ताप चढला, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मग क्लबने बोलावून करार संपवला. चालता येईल, थोडं पळताही येईल, पण मॅच खेळता येणार नाही. इथला व्हिसा क्लबचा, तोही आता संपेल. तारीख तू लिहून कळवली होतीस. तरी चुकवली ती मीच.

रागाव, पण त्याच्यावर नको.
तुझी करेन

बर दुबई, १ मार्च २०२६

प्रिय करेन,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा राग आला, अजून आहे. पण कुबड्यांची लाज वाटावी असं आम्ही त्याला कधी वागवलं, हेच मी जास्त आठवत बसते. हिलरीला सांगितलं. शनिवारी त्याने परत लॅपटॉप लावला. आता कशाला, म्हणून विचारलं, तर त्याच्या जागेवर कोण खेळतो ते बघायचंय, म्हणाला.

व्हिसाचे फॉर्म भरून देतात त्या टायपिंग सेंटरवर जाऊन आले. काउंटरवरच्या माणसाने दोनदा तपासलं आणि खलास म्हणाला. तू पाठवलेले आजारपणाचे कागद दाखवले, पण पंचविशी उलटली म्हणून त्यांचा उपयोग नाही. आपल्या ज्या वसईत तो फक्त मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे राहिला, तिथे आता त्याने घर करायचं. त्याआधी निदान एकदा इथे यावा, म्हणून तीस दिवसांचा व्हिजिट व्हिसा टाकला.

फॉर्म मीच भरला. पाहुणा कुठे उतरणार, या रकान्यात आपल्याच घराचा पत्ता लिहिला. पाहुण्याशी नातं विचारलं होतं. आई, असं लिहिलं.

त्याला सांग, कुबड्या असतील तर घेऊन ये. न्यायला मी एकटीच येईन.

राग ओसरेल, तोवर लिहीत राहा.
तुझी मिल्ड्रेड